जपाकुसुम लाल होतं तेव्हा

उसना रंग कसा असतो हे समजावताना आपले दर्शनकार स्फटिकाशेजारी जपाकुसुम ठेवत. स्फटिक लाल दिसतो, पण ती लाली फुलाची. फुलाच्या रंगाबद्दल मात्र या दाखल्यात कुणालाच शंका नव्हती. जास्वंद म्हणजे लालच! मल्याळममध्ये ती चेंपरत्ती, म्हणजे लाल कापूस. ती कपाशीच्याच कुळातली आहे, हेही त्या नावात येऊन गेलं. सतराव्या शतकात व्हॅन ऱ्हीडच्या 'हॉर्टस मलबारिकस'मध्ये ती याच नावानं नोंदली गेली, आणि १७५३ साली लिनियसनं तिला 'चीनचा गुलाब' म्हटलं.

रंगांची गर्दी झाली ती बेटांवर. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मॉरिशसमध्ये चार्ल्स टेल्फेअरनं लाल जास्वंदीचा संकर हिंदी महासागरातल्या बेटांवरच्या हिबिस्कस लिलिफ्लोरसशी केला. पुढे हवाईत तिथली पांढरी सुवासिक जास्वंद आणि पूर्व आफ्रिकेतली झालरीच्या पाकळ्यांची, उलटी लोंबणारी जास्वंद संकरात उतरल्या. पिवळ्या, केशरी, जांभळट, गडद डोळ्याच्या जाती त्यातूनच पसरल्या. या संकरांचं बी पेरलं तर आईसारखं रोप येईलच असं नाही. वाण टिकतो तो फाट्यावर आणि कलमावर.

इथेच ओळखीचा घोटाळा होतो. "पिवळी म्हणून आणली होती, दोन वर्षांत लाल झाली," ही तक्रार मी कितीदा ऐकली आहे. झाड बदललेलं नसतं. नाजूक वाणाचं कलम दणकट लाल जास्वंदीवर बांधलेलं असतं. सांध्याखालचा फुटवा वाढला की फुलं खालच्या झाडाची येतात. तो फुटवा दिसताच काढावा.

दुसरा घोटाळा हवेचा. लाल रंग देणारं अँथोसायनिन चंचल आहे: जास्वंद चोळलेला कागद लिंबाच्या रसात गडद गुलाबी आणि साबणाच्या पाण्यात हिरवा होतो, हे शाळेत आपण पाहिलेलंच आहे. झाडावरही थंडीत रंग गडद होतो, कडक उन्हाळ्यात फिकटतो. म्हणून त्याच दिवशी उमललेलं फूल सकाळी, सावलीतल्या उजेडात बघावं. पाकळी, डोळा, कडा आणि मधला पुंकेसरांचा दांडा यांचे रंग वेगवेगळे टिपावेत. बागायतीचे जाणकार त्यासाठी लंडनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीचा, १९६६ पासूनचा रंगतक्ता वापरतात.

तिची चुलत बहीण स्थलकमळ. तिच्या नोंदीत रंगासोबत वेळही लिहावी लागते: सकाळी पांढरं, दुपारी गुलाबी, संध्याकाळी लाल. शेजारी दुसरं कुठलंच फूल नसतं. ती लाली तिची स्वतःची.