शेक आणि मुक्काम

समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यांतून ‘किरणोपचार’ हा शब्द सहसा कानी पडत नाही. ‘पस्तीस शेक सांगितले होते, अठरा झाले’, ‘शेक संपला की कापूस वेचायला येते’, अशाच भाषेत लोक बोलतात. शास्त्राच्या दृष्टीने हा शब्द बरोबर नाही. किरण अंगावर पडत असताना रोग्याला ना ऊब लागते, ना चटका बसतो. यंत्राची घरघर तेवढी ऐकू येते आणि काही मिनिटांत सारे आटोपते. तरीही मला हा शब्द मोलाचा वाटतो. तव्यावर तापवलेल्या फडक्याचा, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक आपल्या घरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. आणि शेक म्हटला की शेकणारे माणूस आलेच. रोग्याच्या उशाशी कोणीतरी बसलेले आहे, हे त्या शब्दातच गृहीत धरलेले असते. किरणांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला. उशाशी बसलेल्यांचा इतिहास मात्र फारसा कोणी लिहिला नाही. वास्तविक ह्या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत, आणि एकीवाचून दुसरी निष्फळ आहे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

किरणांची हकीकत सुरू होते जर्मनीत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी प्राध्यापक राँटगेन ह्यांना आपल्या प्रयोगशाळेत एका अदृश्य किरणाचा पत्ता लागला. त्याचे स्वरूप कळेना, म्हणून बीजगणितातल्या अज्ञात राशीप्रमाणे त्यांनी त्याला ‘क्ष’ म्हटले. पुढच्याच वर्षी ह्या किरणांचा उपयोग रोगावर करून पाहण्यास वैद्यांनी सुरुवात केली. १८९८ साली पॅरिसमध्ये मारी आणि प्येर क्यूरी ह्या दांपत्याने रेडियमचा शोध लावला. हे द्रव्य इतके दुर्मीळ, की कित्येक टन खनिज शिजवून-गाळून चिमूटभर हाती यावे. १९२१ साली अमेरिकेतल्या स्त्रियांनी वर्गणी काढून मादाम क्यूरींना रेडियम भेट दिले. ते होते अवघे एक ग्रॅम, आणि त्याची किंमत सुमारे एक लक्ष डॉलर! असे हे औषध राजेरजवाड्यांनाही सहज मिळणारे नव्हते. मग वर्ध्याच्या शेतकऱ्याची गोष्टच दूर.

पण आपल्या दृष्टीने महत्त्वाची घटना ह्या किमती धातूपेक्षा एका साध्या प्राण्याच्या बाबतीत घडली. पॅरिसच्या रेडियम संस्थेत क्लोद रगो नावाचे शास्त्रज्ञ होते. मेंढ्याला किरणांनी वांझ करता येईल काय, हे ते पाहत होते. एकाच वेळी मोठी मात्रा दिली, तर मेंढ्याची कातडी भाजून निघे आणि हेतू साधत नसे. तीच मात्रा अनेक दिवसांत थोडी थोडी वाटून दिली, तेव्हा कातडी शाबूत राहिली आणि हेतूही साधला. ह्याचा अर्थ असा घेतला गेला, की भराभर वाढणाऱ्या पेशी थोड्या थोड्या माऱ्याने खचत जातात, आणि निरोगी भागाला मात्र दोन माऱ्यांच्या मधल्या वेळात सावरण्याची उसंत मिळते. रगो ह्यांचे सहकारी आंरी कुतार ह्यांनी ही रीत घशाच्या कर्करोगावर वापरली आणि १९२०-३० च्या सुमारास रोगी बरे होऊ लागले. आज आपल्या गावची बाई आठवड्याचे पाच दिवस, पाच-सहा-सात आठवडे शेक घ्यायला जाते, त्याचे मूळ त्या पॅरिसच्या मेंढ्यात आहे. ‘सारे एकदाच का देऊन टाकत नाहीत?’ असा प्रश्न घरोघर विचारला जातो. त्याचे उत्तर हे आहे. आता काही रोगांत कमी दिवसांचे क्रमही निघाले आहेत, परंतु पुष्कळांच्या वाट्याला अजून महिना-दीड महिना येतोच.

ह्या शोधाने रोग्याला जीवदान दिले आणि त्याचबरोबर त्याच्यापुढे एक नवाच प्रश्न टाकला. शस्त्रक्रियेला माणूस जातो, खाटेवर निजतो आणि टाके काढून परततो. शेकाचे तसे नाही. शेक काही मिनिटांचा आणि मुक्काम दीड महिन्याचा. रोगी बहुधा हिंडता-फिरता असतो, त्यामुळे त्याला रुग्णालयात खाट मिळतेच असे नाही. आणि रोज हजर राहायचे असल्यामुळे गावीही जाता येत नाही. पॅरिसचा रोगी संध्याकाळी आपल्या घरी जाई. आमच्याकडच्या रोग्याने जावे कोठे?

हिंदुस्थानात ह्या उपचाराची मोठी सोय झाली तीही एका घरावर कोसळलेल्या दुःखातून. सर दोराबजी टाटा ह्यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशी वारल्या. पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांची संपत्ती त्यांच्या न्यासाकडे आली. तीत मेहेरबाईंचा ‘ज्युबिली’ हिराही होता. वजन २४५ कॅरट, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीहून अधिक. १९२४ साली टाटांचा पोलादाचा कारखाना बुडू लागला, तेव्हा हाच हिरा गहाण पडला होता. पुढे तो विकला गेला आणि त्याचा पैसा न्यासाच्या कार्यात आला. त्याच न्यासाने मुंबईत परळला टाटा स्मारक रुग्णालय बांधले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी, महायुद्ध चालू असताना, ८० खाटांनिशी ते उघडले. १९५७ साली ते केंद्र सरकारच्या आरोग्य खात्याकडे आणि १९६२ साली अणुशक्ती खात्याकडे गेले. ज्या रस्त्यावर ते उभे आहे, त्याला गोव्याच्या मातीतले शल्यवैद्य डॉ. अर्नेस्ट बोर्जेस ह्यांचे नाव आहे.

तेथले दुसरे मोठे नाव डॉ. वसंत रामजी खानोलकर ह्यांचे. ह्या मराठी विकृतिशास्त्रज्ञाने रोगाकडे आपल्या लोकांच्या राहणीतून पाहिले. कमरेला धोतर घट्ट आवळून वर्षानुवर्षे एकाच जागी कातडी घासली गेली, की तेथे कर्करोग होऊ शकतो, हे त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्याने १९४५ साली जगापुढे मांडले. ओठाखाली तंबाखू-चुना धरण्याने होणारा रोगही त्याच लेखात होता. आमच्या वैदर्भीय वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. नागपूर, वर्धा, चंद्रपूर भागात पानठेल्यावर घोटून मिळणारा खर्रा म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना ह्यांचेच मिश्रण. त्या लेखाला आता ऐंशी वर्षे झाली, आणि खर्र्याची पुडी अजून शाळकरी पोरांच्या खिशात सापडते.

आता १९४१ सालचा समुद्रपूर भाग डोळ्यांपुढे आणा. वर्धा जिल्हा तेव्हा मध्यप्रांतात, मुंबई दुसऱ्या प्रांतात. बैलगाडीने हिंगणघाट किंवा वर्धा गाठायचे, आणि तेथून आगगाडीने सुमारे साडेसातशे किलोमीटर. मुंबईत ओळख ना देख. कापसाचे पैसे हाती येण्यापूर्वी दुखणे निघाले तर सावकार, आणि नंतर निघाले तर सावकाराची जुनी बाकी! अशा स्थितीत कितीजण गेले नसतील, ह्याची नोंद कोणत्याच दप्तरात नाही. जे गेले, त्यांपैकी पुष्कळांनी रात्री रस्त्याच्या कडेला, दिवसा रुग्णालयाच्या ओसरीवर काढल्या. परळच्या पदपथावर चादर टाकून पडलेली कुटुंबे नंतरही पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकरांनी पाहिली आहेत.

येथे किरणांच्या इतिहासात एका अशा पुरुषाचा प्रवेश होतो, ज्याचे नाव कोणत्याही वैद्यकीय ग्रंथात सापडायचे नाही. १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावी जन्मलेला, अंगावर चिंध्या, हाती खराटा आणि मातीचे गाडगे घेऊन गावोगाव झाडत फिरणारा डेबूजी, म्हणजेच आपले गाडगेबाबा. बाबांनी देऊळ बांधले नाही. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी यात्रेकरूंसाठी धर्मशाळा बांधल्या, आणि स्वतः मात्र त्यांच्या छपराखाली घर केले नाही. पण क्षेत्राच्या जागी धर्मशाळा बांधणारे पूर्वीही होते. बाबांचे निराळेपण असे, की मुंबईचे जे. जे. रुग्णालय हेदेखील एक क्षेत्रच आहे, हे त्यांनी ओळखले. गावाकडून आलेल्या रोग्याच्या माणसाला पाठ टेकायला जागा आणि चूल पेटवायला कोपरा हवा, हे जाणून त्या रुग्णालयापाशी त्यांच्या प्रेरणेने धर्मशाळा झाली. २० डिसेंबर १९५६ रोजी बाबांनी देह ठेवला. त्यांच्या मागे त्यांच्याच नावाची धर्मशाळा दादरला उभी राहिली आणि ती मुख्यतः टाटा रुग्णालयात येणाऱ्या रोग्यांचे दुसरे घर झाली. परळची नाना पालकर स्मृती समिती हेच काम करीत आली आहे. कर्करोग झालेल्या मुलांसाठी २००६ पासून सेंट ज्यूड ह्या संस्थेने घरे चालवली आहेत. वऱ्हाड-नागपूरकडचा माणूस दादरच्या त्या धर्मशाळेत पोहोचला, की त्याला शेजारच्या चुलीवर आपल्याच बोलीतले दोन शब्द ऐकू येतात. यंत्राच्या खोलीत एकट्याने जाण्याची हिंमत पुष्कळांना त्या दोन शब्दांनी दिली असेल.

दरम्यान किरणही स्वस्त होत चालले होते. १९५१ साली कॅनडात कोबाल्टच्या किरणांनी उपचार सुरू झाले. रेडियम खाणीतून काढावे लागे. हा कोबाल्ट अणुभट्टीत तयार करता येतो. त्याची शक्ती मात्र सुमारे सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून जुन्या कोबाल्टखाली रोग्याला अधिक वेळ निजावे लागते. पुढे आपल्या देशात कोबाल्ट होऊ लागला, आणि ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘भाभाट्रॉन’ नावाचे स्वदेशी यंत्रही घडवले. विजेवर चालणारी, कोबाल्ट न लागणारी यंत्रे आता मोठ्या रुग्णालयांतून सर्रास दिसतात.

आणि मुख्य म्हणजे शेक आमच्या जवळ आला. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज ११ ऑक्टोबर १९६८ रोजी गेले ते कर्करोगानेच. नागपूरच्या कर्करोग रुग्णालयाला त्यांचेच नाव आहे. गांधी जन्मशताब्दीच्या १९६९ सालात सेवाग्रामला वैद्यकीय महाविद्यालय निघाले आणि कस्तुरबा रुग्णालयाचा विस्तार झाला. तेथे किरणोपचार मिळतात. वर्धा रस्त्यावर जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था उभी आहे. समुद्रपूरहून जामच्या चौरस्त्याने नागपूरला जाणाऱ्या माणसाच्या ती वाटेवरच पडते. साडेसातशे किलोमीटरांची वाट अशी शंभराच्या आत आली. पैशाची अडचणही काही अंशी हलकी झाली. २०१२ साली काही जिल्ह्यांत व २०१३ साली साऱ्या राज्यात सरकारची जीवनदायी योजना आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिबा फुले ह्यांचे नाव आहे, आणि शेकाचा खर्च तीत बसतो. उपचाराला जाणाऱ्या कर्करोग्याला रेल्वेत शयनयान वर्गाचे भाडे पडत नाही, सोबत्यालाही चौथा हिस्साच भरावा लागतो. हे ठाऊक नसल्यामुळे पूर्ण तिकीट काढून जाणारी माणसे आजही आहेत, म्हणून मुद्दाम लिहिले.

मग प्रश्न सुटला काय? पूर्ण सुटलेला नाही. योजनेच्या कागदावर शेक चढतो; बुडालेली मजुरी, घरी राहिलेली म्हातारी, बिनराखणीचे शेत ह्यांचा रकाना त्यात नसतो. मी शिक्षक आहे, तेव्हा मला हा हिशेब शाळेच्या हजेरीपटावर दिसतो. आईला शेक सुरू झाला, की थोरल्या मुलीच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा लागू लागतात. बाप आईबरोबर, आणि चूल, पाणी, धाकटी भावंडे हिच्याकडे. पॅरिसच्या शास्त्रज्ञांनी सांगितलेले सहा आठवडे खेड्यातली तेरा वर्षांची पोर अशी फेडते. वीस-बावीस शेक झाले, दुखणे उतरले, गिळता येऊ लागले, की घरचे म्हणतात, ‘आता बरे वाटते, कापूस फुटला आहे, चला घरी.’ ह्यात निष्काळजीपणा नसतो, ओढग्रस्ती असते. पण डॉक्टर निक्षून सांगतात, की मध्येच पडलेला खंड रोगाला सावरायला वेळ देतो. मेंढ्याच्या कातडीला जी उसंत लाभली, तीच उसंत मग शत्रूला लाभते. अर्धा सोडलेला शेक म्हणजे पेरणी करून निंदणाच्या वेळी सोडलेले शेत होय.

दिवाळीच्या दिवसांत तर हा पेच फारच अवघड होतो. शेक चालू असलेल्या माणसाच्या अंगावर डॉक्टरांनी शाईच्या रेघा आखलेल्या असतात. किरण रोज नेमक्या त्याच जागी पडावेत म्हणून त्या पुसू द्यायच्या नसतात, आणि त्या भागाला तेल-उटणे लावायचे नसते. म्हणजे नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान त्या वर्षी चुकले! सासूबाईंना ते रुचत नाही. त्यांना एवढेच सांगावे, की यंदा त्या रेघा हेच तिचे उटणे. शेक घेणाऱ्याचे ताट वेगळे मांडू नये. हा रोग उष्ट्याने लागत नाही. यंत्रातून बाहेरून दिलेले किरण अंगात साठत नाहीत, तेव्हा त्या माणसाने नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे.

आणि शेजाऱ्यांनी? बाबांसारखी धर्मशाळा बांधणे आपणा सर्वांच्या आवाक्यातले नाही. परंतु शेकाला गेलेल्यांच्या गोठ्यातल्या गाईला वैरण टाकणे, त्यांच्या चार ओळी कापूस वेचून ठेवणे, त्यांच्या मुलीला एक वेळचा डबा देऊन शाळेत धाडणे, हे कोणालाही करता येते. नागपूरला कोणाचे घर असेल त्याने दीड महिना एक खोली दिली, तर तीही धर्मशाळाच. किरणांचा शोध लावणाऱ्यांनी आपले काम चोख केले. मुक्कामाचे काम आपल्याकडे राहिले आहे. यंदा दिवाळीत फराळाची ताटे शेजारी-पाजारी फिरतील, तेव्हा ज्या घराला कुलूप आहे ते घर कोणाचे आणि ते लोक कोठे गेले आहेत, एवढी चौकशी जरूर करावी.