लोखंड जुनें, आज्ञा नवी

धातु कापणाऱ्या यंत्राचा खरा नियंता फार काळपर्यंत कारागिराचा हात हाच होता. हँडल किती फिरवावें, कटर कोठें थांबवावा, हें त्याचीं बोटें ठरवीत. हा अधिकार हाताकडून आंकड्यांकडे कसा गेला, याचा इतिहास बोधप्रद आहे. त्यांतील विशेष हा कीं, आंकड्यांची आज्ञा पाळणारें पहिलें मिलिंग यंत्र म्हणून जें ओळखलें जातें, तें त्यासाठीं नव्यानें घडविलेलें नव्हतें. आधींच तयार असलेल्या यंत्राला नवी बुद्धि तेवढी जोडण्यांत आली होती.

अमेरिकेच्या मिशिगन राज्यांत ट्रॅव्हर्स सिटी येथें जॉन पार्सन्स यांचा कारखाना होता. १९४० नंतरच्या दशकांत तेथें हेलिकॉप्टरचीं पातीं बनूं लागलीं. पात्याच्या वक्ररेषेचे अवघे १७ बिंदु नकाशांत दिलेले असत. मधली रेषा कारागिरानें नजरेनें जुळवावयाची. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्टुलेन यांनीं छिद्रित पत्रांवर चालणाऱ्या गणनयंत्राच्या साहाय्यानें असे २०० बिंदु काढले. मग मिलिंग यंत्राभोंवतीं तीन माणसें उभीं राहत. एकानें आंकडे वाचावयाचे, दुसऱ्यानें एका दिशेचें हँडल फिरवावयाचें, तिसऱ्यानें दुसऱ्या दिशेचें. आणि दोन्ही आंकडे जुळले कीं कटर खालीं उतरवावयाचा. येथें माणसाच्या हातीं केवळ आज्ञापालन उरलें होतें. तें काम मोटरीनें कां करूं नये, हा प्रश्न मग ओघानेंच आला.

जून १९४९ मध्यें अमेरिकन वायुदलानें पार्सन्स यांच्याशीं करार केला. मोटरींच्या सूक्ष्म नियंत्रणासाठीं त्यांनीं मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या सर्व्होमेकॅनिझम प्रयोगशाळेचें साहाय्य घेतलें. तेथील संशोधकांनीं कल्पना पुढें नेली: कटरनें बिंदूवरून बिंदूवर उडी न मारतां सर्व मार्ग अखंड चालावा. योजना वाढली, खर्चहि वाढला, आणि मूळ कल्पक पार्सन्स बाजूला पडले. त्यांना १९५८ सालीं पेटंट मिळालें. राष्ट्रीय पदक मिळावयास मात्र १९८५ साल उजाडावें लागलें.

प्रयोगासाठीं सिन्सिनाटी कंपनीचें ‘हायड्रो-टेल’ यंत्र घेण्यांत आलें. तें मूळचें नमुन्याची नक्कल करणारें होतें. नकलेची योजना काढून टाकून तिन्ही दिशांना नवीं नियंत्रक साधनें बसविण्यांत आलीं. कागदी पट्टीवरील छिद्रांतून आज्ञा निघे. एका विद्युत्स्पंदनासरशीं होणारी हालचाल इंचाच्या दोनहजाराव्या भागाएवढी असे. केलेल्या हालचालीची वार्ता परत येई, आणि आज्ञा व स्थिति यांत अंतर असेतों दुरुस्ती चालू राही. सप्टेंबर १९५२ मध्यें हें यंत्र लोकांना दाखविण्यांत आलें. त्याच्या नियंत्रकांत शेंकडों निर्वात नलिका व रिले होते, आणि त्याचीं कपाटें जवळजवळ यंत्राएवढींच जागा अडवीत!

पुढें कपाटांची पेटी झाली. १९९० नंतरच्या दशकांत अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक व तंत्रज्ञान संस्थेनें साध्या संगणकावर चालणारी नियंत्रणप्रणाली तयार करून सर्वांना खुली केली. ‘लिनक्स-सीएनसी’ हें तिचेंच पुढील रूप होय. यामुळें लहान कारखानदारालाहि आपल्या जुन्या मिलिंग यंत्राला संगणक जोडणें शक्य झालें.

परंतु येथेंच फसगत होण्याचा संभव असतो. जुन्या यंत्रांत स्क्रू व नट यांमध्यें झिजेमुळें फट पडलेली असते. दिशा बदलतांच स्क्रू थोडा रिकामाच फिरतो आणि टेबल मात्र जागचें हलत नाहीं. यालाच बॅकलॅश म्हणतात. मुरलेला कारागीर हें जाणून नेहमीं एकाच बाजूनें मापावर येतो. मोटरीच्या अक्षावरील मापक मात्र स्क्रू किती फिरला एवढेंच सांगतो. टेबल किती सरकलें, हें त्याला ठाऊक नसतें. संगणक फट हिशेबांत धरूं शकतो खरा, पण स्क्रू मध्यभागीं अधिक झिजतो व टोकांशीं कमी. एकच आंकडा सर्वत्र कसा लागू पडावा? शिवाय कापतांना कटर टेबलाला ओढूं लागला, तर ती फट कोणत्या बाजूस आहे याचाहि भरंवसा राहत नाहीं.

म्हणून जाणते लोक संगणक जोडण्यापूर्वीं यंत्राची प्रकृति पाहतात. साधा स्क्रू काढून, नटांत गोळ्या फिरणारा व फट राहूं न देणारा बॉल-स्क्रू बसवितात. टेबल ज्या स्लाइडवरून सरकतें, तिला निळा रंग लावून उंचवटे शोधतात आणि ते स्क्रेपरनें हळूहळू खरवडून काढतात. हें काम आजहि पुष्कळदां हातानेंच केलें जातें. हँडल फिरविण्याचें काम आंकड्यांनीं हातापासून घेतलें. पण त्या आंकड्यांचा शब्द लोखंडाकडून खरा करून घेण्याचें काम अद्याप हाताकडेच राहिलें आहे.