नोकरी गमावलेला पिता (कोरियन कथापात्र)

नोकरी गमावलेला पिता हे दक्षिण कोरियातील दूरचित्रवाणी मालिका व चित्रपटांत वारंवार आढळणारे पात्र आहे. आपल्यावर आलेली वेळ घरच्यांपासून, निदान त्या वेळेचे दुःख तरी, लपवण्याची धडपड हे या पात्राचे मुख्य लक्षण होय. तो असत्य बोलत असला, तरी कथेत त्याला खलपुरुषाचे स्थान दिले जात नाही. त्याचे लपवणे हे कर्तव्यबुद्धीचेच एक रूप म्हणून रंगवले जाते आणि प्रेक्षकांची सहानुभूती त्याच्याकडे वळते. १९९७ च्या आर्थिक संकटानंतर हे पात्र कोरियन जनमानसात विशेष रुजले.

पार्श्वभूमी

१९९७ च्या जुलैमध्ये थायलंडमध्ये सुरू झालेले चलनसंकट वर्षअखेरीस दक्षिण कोरियात पोहोचले. २१ नोव्हेंबर १९९७ रोजी तेथील सरकारने आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे साहाय्य मागत असल्याचे जाहीर केले आणि ३ डिसेंबर रोजी करार झाला. कोरियन भाषेत या संपूर्ण कालखंडाला नाणेनिधीच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयएमएफ काळ’ असेच म्हटले जाते. फेब्रुवारी १९९८ मध्ये कामगार कायद्यात बदल होऊन आर्थिक कारणास्तव कामगार कमी करण्याची मुभा उद्योगांना मिळाली. जून १९९८ मध्ये पाच बँका बंद करण्यात आल्या. १९९७ मध्ये सुमारे २.६ टक्के असलेला बेरोजगारीचा दर १९९८ मध्ये सुमारे ७ टक्क्यांवर गेला.

तोपर्यंत मोठ्या कंपनीतील नोकरी म्हणजे निवृत्तीपर्यंतची निश्चिती, असा समज दृढ होता. बेरोजगार विमा योजना १९९५ मध्येच सुरू झालेली असल्याने तिचा आधार अपुरा होता. कुटुंबप्रमुख पुरुषाच्या नावाखाली कुटुंबाची नोंद करणारी ‘होजू’ पद्धतही त्या वेळी कायद्याने अस्तित्वात होती. ती १ जानेवारी २००८ पासून रद्द झाली. अशा समाजात नोकरी जाणे म्हणजे केवळ उत्पन्न थांबणे नव्हते, तर घरातील स्थानच डळमळीत होणे होते. त्यामुळे नेहमीप्रमाणे सूट घालून सकाळी घराबाहेर पडायचे, दिवस ग्रंथालयात, उद्यानात किंवा सोलभोवतालच्या डोंगरांवर काढायचा आणि कार्यालय सुटण्याच्या वेळी घरी परतायचे, असा दिनक्रम अनेकांनी पत्करला. सूट घालून डोंगर चढणारा माणूस ही त्या काळाची ओळख बनली.

शब्दसंपदा

या अनुभवाने कोरियन भाषेत काही शब्द रूढ केले. स्वेच्छानिवृत्तीसाठी वापरला जाणारा ‘म्योंगये थ्वेजिक’ हा शब्द शब्दशः ‘सन्मानाची निवृत्ती’ असा आहे. प्रत्यक्षात ती बहुधा दबावाखाली घेतली जाई. ‘साओजंग’ हे एका प्राचीन चिनी कथेतील पात्राचे कोरियन नाव. त्याचा श्लेषाने ‘पंचेचाळिशीत निवृत्ती’ असा अर्थ लावण्यात आला. बुसानजवळील ‘ओर्युकदो’ या बेटांच्या नावावरून ‘छप्पन्नाव्या वर्षीही नोकरीत असणारा तो चोर’ अशी कोटी प्रचलित झाली. ‘मान खाली घातलेला पिता’ हा वाक्प्रयोगही याच काळात सर्वतोमुखी झाला.

कलाकृतींतील चित्रण

या पात्राची पूर्वछाया १९९६ मध्ये प्रकाशित झालेल्या किम जंग-ह्यन यांच्या ‘आबजी’ (पिता) या कादंबरीत दिसते. तिच्यातील शासकीय अधिकारी आपल्याला कर्करोग झाल्याचे कुटुंबापासून लपवतो. संकटाच्या आदल्या वर्षी आलेल्या या कादंबरीला मोठा वाचकवर्ग लाभला. ‘आपले ओझे घरावर पडू नये म्हणून गप्प राहणारा पिता’ ही प्रतिमा तिच्यामुळे लोकांच्या परिचयाची झाली होती. पुढे आजाराची जागा बेकारीने घेतली.

१९९९ मधील ‘हॅपी एंड’ या जंग जी-वू दिग्दर्शित चित्रपटात चोई मिन-सिक यांनी नोकरी गमावलेल्या बँक कर्मचाऱ्याची भूमिका केली. येथे बेकारी उघड आहे आणि घर पत्नीच्या कमाईवर चालते. मात्र शेवट सहानुभूतीकडे न जाता हिंसेकडे जातो.

२०१५-१६ मध्ये टीव्हीएन वाहिनीवर प्रसारित झालेल्या ‘रिप्लाय १९८८’ या मालिकेत (दिग्दर्शक शिन वॉन-हो, लेखिका ली उ-जंग) संग दोंग-इल हे हानिल बँकेतील कर्मचारी आहेत. मित्राच्या कर्जाला जामीन राहिल्याने त्यांचे कुटुंब अर्ध्या तळघरातील घरात राहते. अखेरच्या भागांत ते स्वेच्छानिवृत्ती घेतात. निवृत्ती उघड असली, तरी तिची वेदना ते थट्टामस्करीखाली झाकतात. बँकेकडून न मिळालेले सन्मानचिन्ह शेवटी घरचे लोक त्यांना देतात. मालिकेतील निवृत्ती संकटापूर्वीची आहे. परंतु हानिल बँक १९९९ मध्ये विलीनीकरणात लयास गेली, हे प्रौढ कोरियन प्रेक्षकांना ठाऊक असल्याने या प्रसंगाला वेगळा अर्थ प्राप्त होतो.

२०१८ मधील ‘माय मिस्टर’ या मालिकेत (लेखिका पार्क हे-यंग) थोरला भाऊ सांग-हून (पार्क हो-सान) नोकरी व व्यवसाय दोन्ही गमावून आईच्या घरी राहतो आणि इमारतींच्या साफसफाईचे काम करतो. एका मालकापुढे त्याला गुडघे टेकून क्षमा मागावी लागते. डबा घेऊन आलेली आई (गो दू-शिम) हा प्रसंग पाहते आणि काही न बोलता परतते.

कथनातील स्थान

या प्रसंगातून अशा कथांचे एक महत्त्वाचे वैशिष्ट्य लक्षात येते. कथेची उत्कंठा ‘गुपित कधी फुटणार’ यावर फारशी अवलंबून नसते. घरातील कोणाला तरी, बहुधा पत्नीला किंवा आईला, ते आधीच कळलेले असते. आपल्याला कळले आहे हे मात्र ती लपवते. त्यामुळे लपवणे दुहेरी होते. पिता घराला चिंतेपासून वाचवतो, तर घर पित्याला लाजेपासून.

टीका

या सहानुभूतीमुळे नोकरी गमावलेल्या स्त्रिया दृष्टीआड राहिल्या, असा आक्षेप स्त्रीवादी अभ्यासकांनी घेतला आहे. ‘कुटुंबाचा पोशिंदा पुरुषच’ या गृहीतकामुळे अनेक ठिकाणी कपातीची पहिली कुऱ्हाड स्त्रियांवर पडली. १९९८ मध्ये उल्सान येथील ह्युंदाई मोटर कारखान्यातील संपानंतर अंतिमतः कमी करण्यात आलेल्या २७७ कामगारांपैकी १४४ जणी उपाहारगृहात काम करणाऱ्या स्त्रिया होत्या. त्यांच्यापैकी अनेकींच्या कमाईवर घर चालत असले, तरी ‘मान खाली घातलेली माता’ असा वाक्प्रयोग मात्र रूढ झाला नाही.

अन्य देशांतील समांतर कलाकृती

कियोशी कुरोसावा यांच्या ‘टोकियो सोनाटा’ (२००८) या जपानी चित्रपटातील पिता नोकरी गेल्याचे लपवून रोज घराबाहेर पडतो. लोराँ काँते यांच्या ‘लाँप्ल्वा द्यु ताँ’ (२००१) या फ्रेंच चित्रपटाचा विषयही हाच आहे.