सेवासंस्था आणि महामारी

राज्ये कशी मिळाली आणि कशी गेली हे सांगताना आमचे इतिहासकार कधी थकत नाहीत. परंतु माणसे तापाने कशी मेली आणि त्यांच्या उशाशी बसून त्यांस पाणी कोणी पाजले, हे सांगण्याची वेळ आली की त्यांची लेखणी अडखळते. १९१८ सालच्या इन्फ्लुएंझाने हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसे नेली. त्याच सुमारास संपलेल्या महायुद्धात सर्व राष्ट्रांचे मिळून जितके सैनिक पडले, त्यांहूनही ही संख्या बहुतेक अभ्यासकांच्या मते मोठी आहे. १९२१ च्या खानेसुमारीत देशाची लोकसंख्या दहा वर्षांत वाढण्याऐवजी किंचित घटलेली आढळली, ती मुख्यतः याच तापामुळे. असे असता महायुद्धावर ग्रंथांमागून ग्रंथ लिहिले गेले आणि या तापाची बोळवण चार ओळींत झाली. त्या चार ओळींतही ज्यांचा उल्लेख सहसा येत नाही, अशा सेवासंस्थांविषयी आज थोडे लिहावे असा आमचा हेतू आहे.

या विषयाचा विचार करताना मागे वीस-बावीस वर्षे जाणे प्राप्त आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांसंबंधीचा कायदा झाला. या कायद्याने सरकारच्या हाती जवळजवळ अमर्याद अधिकार आले. घरांची झडती घ्यावी, रोगी उचलून इस्पितळात न्यावा, त्याच्या घरच्यांस वेगळे ठेवावे, सामानसुमान जाळावे, असा क्रम सुरू झाला. पुण्यात ही कामगिरी रँडसाहेबाकडे आली आणि ती बजावण्यास गोरे शिपाई घरोघर शिरले. त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे वाचकांस ठाऊकच आहे. मुंबईत तर त्यापूर्वीच, ऑक्टोबर १८९६ मध्ये, गिरणीकामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या इस्पितळावर चाल केली होती. लोकांस प्लेगाची भीती होतीच. परंतु इस्पितळाची भीती तिच्याहून मोठी झाली होती. उपाय करणाऱ्यावर विश्वास नसला म्हणजे उपायही रोगासारखाच भासू लागतो.

त्या काळी सेवाभाव नव्हता असे मात्र कोणी समजू नये. पुण्यात लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने हिंदू प्लेग इस्पितळ निघाले. मुंबईत निरनिराळ्या जातींनी व पंथांनी आपापली इस्पितळे उघडली. आपल्या रोग्यास आपल्या माणसांच्या हातचे पाणी मिळेल एवढ्या भरवशावरच लोक तेथे जाऊ लागले. विलायतेतील वक्तव्याबद्दल माफी मागावी लागल्याने मनातून खचलेले गोखले पुण्यात स्वयंसेवक म्हणून प्लेगच्या कामात पडले. आणि हडपसरनजीक डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई स्वतः रोगी आणवीत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील एका आजारी मुलास त्यांनी पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले, असे सांगतात. त्याच सेवेत त्यांस प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले.

या उदाहरणांत एक भेद आहे. बहुतेक प्रयत्न साथ आली म्हणून उभे राहिले आणि साथ ओसरताच मावळले. त्यांतील पुष्कळसे जातीच्या भिंतीआडचे होते. सावित्रीबाईंचे तसे नव्हते. त्यांच्या पाठीशी १८७३ साली निघालेल्या सत्यशोधक समाजाची शिस्त होती, १८७७ च्या दुष्काळात केलेल्या अन्नदानाचा अनुभव होता, आणि अस्पृश्यांच्या वस्तीत शिरण्याची जवळजवळ पन्नास वर्षांची सवय होती. मुंढव्याच्या त्या आईबापांनी आपले मूल कोणाच्याही हवाली केले नसते. ते सावित्रीबाईंच्या हवाली केले. साथीच्या दिवसांत जे भांडवल लागते ते साथीच्या दिवसांत जमवता येत नाही, हा या इतिहासाचा पहिला धडा होय.

पुढील वीस वर्षांत महाराष्ट्राने हे भांडवल जमविले. १९०५ साली गोखल्यांनी पुण्यात भारत सेवक समाज स्थापिला. १९०८ साली मलबारी व दयाराम गिडुमल यांच्या प्रयत्नाने मुंबईत सेवासदन निघाले. १९०९ साली रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्याचे सेवासदन उभे केले, आणि पुढे तेथील स्त्रिया ससून इस्पितळात परिचारिकेचे काम शिकू लागल्या. परक्याच्या मलमूत्राला हात लावणे ज्या समाजात हलकेपणाचे मानीत, त्या समाजातील विधवांनी हे काम पत्करले, ही गोष्ट वाटते तितकी लहान नाही. १९११ साली नारायण मल्हार जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग काढली. मजुरांसाठी रात्रीच्या शाळा, वाचनालये, फिरती पुस्तकालये असे तिचे काम. यांतील एकही संस्था महामारीसाठी निघालेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

जून १९१८ मध्ये मुंबईत प्रथम काही पोलीस शिपाई तापाने पडले. त्यांतील एक गोदीवर पहाऱ्यास होता. ती पहिली लाट सौम्य होती. सप्टेंबरात दुसरी आली, ती काळरूपाने. ६ ऑक्टोबर या एका दिवशी मुंबईत ७६८ माणसे मेली. पुष्कळ डॉक्टर लढाईवर गेलेले, पाऊस दगा देऊन गेलेला, धान्य महाग, दूध दुर्मीळ, आणि इस्पितळांत जागा नाही, अशा स्थितीत सरकारपाशी देण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. बळजबरी करावी तरी कोणती? घरात एक रोगी असता त्यास उचलून नेता येते; घरेच्या घरे अंथरुणास खिळली असता कोणास उचलणार?

येथे सेवासंस्था पुढे आल्या, आणि त्यांनी आपल्या कामाची दिशा फिरविली. लीगच्या स्वयंसेवकांनी चाळींतून घरोघर फिरून औषध पोचविले, अत्यवस्थ रोग्यांस इस्पितळाची वाट दाखविली. निरनिराळ्या समाजांनी मोफत दवाखाने उघडले. रात्रीच्या शाळेमुळे ज्यास चाळीचा जिना ठाऊक झाला होता आणि चाळीस ज्याचा चेहरा ठाऊक झाला होता, त्यास दार उघडण्यास कोणी कचरले नसावे, असे आमचे अनुमान आहे. सुरतेत दयाळजी देसाई व कल्याणजी मेहता यांच्या आश्रमांतील विद्यार्थ्यांनीही शहरात व आसपासच्या खेड्यांत असेच औषध वाटले. हे आश्रम मूळचे आपापल्या ज्ञातींतील मुलांसाठी काढलेले. साथीने त्यांस उंबरठ्याबाहेर काढले. दहा वर्षांनी बारडोलीच्या सत्याग्रहात हीच मंडळी अग्रभागी दिसली, हा योगायोग नव्हे. हिंदुस्थान सरकारच्या सॅनिटरी कमिशनरनेही आपल्या अहवालात कबूल केले की, सुशिक्षित व सुस्थित लोक गरिबांच्या मदतीस इतक्या मोठ्या संख्येने बहुधा पूर्वी कधीच धावले नव्हते.

कोणी म्हणेल की, त्या मिश्रणांच्या बाटल्यांनी कोण वाचला? शंका रास्त आहे. रोगाचे मूळ त्या वेळी वैद्यकास कळले नव्हते. माणसातील इन्फ्लुएंझाचा विषाणू १९३३ साली हाती आला. बाटलीत औषध असे, परंतु गुण बाटलीचा नसे. ज्या खोलीत सगळेच पडलेले आहेत तेथे पाणी देणारा, पेज करणारा, पांघरूण घालणारा कोणी आला, तर जगण्याचा संभव वाढतो. बाटली हे आत शिरण्याचे निमित्त होते; खरे औषध तो आत येणारा माणूस होता.

तथापि येथेच थांबलो तर हा इतिहास स्तुतिपाठ होईल. मुंबईत या तापाने युरोपियनांत दर हजारी ८.३ माणसे मेली, पारशांत ९, आणि ज्यांस त्या काळी खालच्या जातीचे हिंदू म्हणत त्यांच्यात ६१.६. रोगाने जात पाहिली नाही. परंतु जातीने कोणास कोंदट खोली, कमी अन्न आणि दूरचा नळ द्यावयाचा, हे रोग येण्यापूर्वीच ठरविले होते. स्वयंसेवक दारापर्यंत औषध नेऊ शकला, त्याला खोलीस खिडकी पाडता आली नाही. शिवाय मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे मेली, त्यांतील बहुतेक खेड्यांत, जेथे ना लीग होती ना सेवासदन. सेवासंस्थांच्या पराक्रमाआड सरकारची जबाबदारी लपविली जाऊ नये. नारायण मल्हार जोशी यांस हे उमगले असावे. दोनच वर्षांनी, १९२० साली, ते अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेसच्या स्थापनेत अग्रेसर होते. मजुरास औषधाबरोबर मजुरीही हवी, असाच त्या मार्गाचा अर्थ आम्ही समजतो.

शंभर वर्षांनी पुन्हा हीच परीक्षा आली. मार्च २०२० मध्ये कोव्हिडच्या साथीत महाराष्ट्रात १८९७ चाच कायदा लागू झाला. या वेळी संकट अधिक चमत्कारिक होते. कारण सेवकाचे जे बळ, म्हणजे जवळ जाणे, तेच निषिद्ध ठरले. नियमाने सभा भरविणाऱ्या मंडळांच्या सभा पडद्यावर भरू लागल्या, परंतु पडद्यावरून भाकरी पोचत नाही. तेव्हा कोणी सार्वजनिक स्वयंपाकघरे चालविली, कोणी वाटेने पायी निघालेल्या मजुरांस शिधा दिला, कोणी एकाकी वृद्धांची दूरध्वनीवरून चौकशी केली. धारावीत महापालिकेने तेथीलच खाजगी डॉक्टरांस बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली. कारण त्यांच्या हाकेला दार उघडे, अनोळखी गणवेशास उघडेलच असे नव्हते. रँडसाहेबाला जे उमगले नाही ते इतक्या वर्षांनी कारभारास उमगले, ही समाधानाची गोष्ट होय.

या तिन्ही साथींचा मथितार्थ आम्हांस एवढाच दिसतो की, महामारीत टिकणारी सेवासंस्था महामारीत जन्मत नाही. कोणत्या कामासाठी ती निघाली हे गौण आहे. शाळा असो, वाचनालय असो, वसतिगृह असो. शांततेच्या दिवसांत ती कोणाच्या दारी गेली होती, हे मात्र महत्त्वाचे. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. परंतु त्या दिवशी कोणती दारे उघडतील आणि कोणती बंद राहतील, हे आज आपण कोणत्या जिन्याने चढतो त्यावरच ठरत आहे.