चाकं: दगडाची, लाकडाची आणि तारेची

मंडळी, नमनाला घडाभर तेल न घालता आधी कबुली देतो. गेले काही महिने ऑफिसात बिल्ड पूर्ण व्हायची वाट बघता बघता मी चाकं बघत होतो. सायकलची. माझ्या रोड बाइकबरोबर आलेली चाकं जड, त्यात मागचं सारखं आऊट व्हायचं. ग्रुपमधल्या सगळ्यांचा सल्ला एकच: "कार्बन घे, उडशील!" उडण्याचा भाव चाळीस-पन्नास हजार. तेवढ्यात माझी अख्खी सायकल आली होती.

तरी घेणारच होतो. पण त्याआधी एका वीकांताला गावाला निघालो आणि सगळा घोळ झाला.

आमचं गाव पुणतांबा. गोदाकाठचं. चांगदेवांची समाधी आहे ते. रेल्वेने शिर्डीला जाणाऱ्यांना जंक्शन म्हणून माहीत असेल. पुण्याहून नगरमार्गे (आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच येतं) साधारण दोनशे किलोमीटर. राहुरी ओलांडली आणि मागच्या चाकातून 'टंग' असा आवाज आला. एक स्पोक तुटला. चाकात स्पोक मुळात २४. त्यातला एक गेल्यावर रिम इतकी वाकडी झाली की दर फेऱ्याला ब्रेकला घासायला लागली. उरलेला प्रवास मी कांद्याच्या गोण्यांवर बसून टेम्पोतून केला.

गावात काकांचं सायकलचं दुकान आहे. म्हटलं, एक तर स्पोक टाकायचा, दहा मिनिटांचं काम. काकांनी डबा उपडा केला. एकाही स्पोकची लांबी जुळेना. टायर बघितले तर तेही चालेनात. गावात मिळतो तो २८ इंची टायर, ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास ६३५ मिलिमीटर. रोड बाइकच्या ७००सी चाकाचा ६२२. फरक फक्त १३ मिलिमीटरचा, पण म्हणून दुकानभर टायर टांगलेले असूनही माझ्या कामाचा एकही नाही. काकांनी चाक हातात फिरवून बघितलं आणि विचारलं,

"अरे, हे बिघडल्यावर दुरुस्त कुठं करायचं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुण्यात, एवढंच म्हणालो. पण तो प्रश्न डोक्यात बसला आणि पुढचे दोन-तीन वीकांत मी चाकांच्या इतिहासात घालवले.

सुरुवात आपल्याच मुलखातून करू. १८३०च्या दशकात इंग्रजांनी इंदापूरकडे जमीन मोजणीला हात घातला, तेव्हा दख्खनच्या कुणब्याकडची गाडी म्हणजे एक अजब चीज होती. चाकं भरीव, लाकडाची नाहीतर चक्क दगडाची! ओढायला बैलांच्या अनेक जोड्या. गाडी एवढी महाग की गावात मोजक्याच असायच्या आणि त्या शेतातल्या शेतात खत ओढायच्या. लांबचा माल जायचा तो लमाण-वंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून. मोजणी खात्यातल्या लेफ्टनंट गेसफर्ड नावाच्या अधिकाऱ्याने मग टेंभुर्णीला (सोलापूर जिल्हा) सुधारित गाड्यांचा कारखाना काढला. हलकी आणि शेतकऱ्याला परवडेल अशी गाडी. 'परवडणारं अपग्रेड' म्हणतात ते हेच की!

लाकडी चाकात तुंबा, आरे, पाटे आणि वरून लोखंडी धाव. सगळं काम सुतार-लोहार करणार. आरा मोडला तर गावातच बसवता येणार. माझ्या मते अशी चाकं खेड्यापाड्यांत टिकली त्यात या गोष्टीचा वाटा वजनापेक्षा मोठा असणार.

आता जरा परदेशी. तारेच्या चाकाची कल्पना जॉर्ज केली या इंग्रजाला १८०८मध्ये सुचली, तीही विमानासाठी! सायकलला तारेचं चाक आणलं पॅरिसच्या यूजीन मेयरने, १८६९मध्ये. १८७४मध्ये कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्लीने आरे हबपासून सरळ न काढता तिरके, एकमेकांना छेद देत लावले. पेडल मारल्यावर हबचा पीळ रिमपर्यंत नीट पोचतो तो या तिरकेपणामुळे. १८८८मध्ये डनलॉपने बेलफास्टला मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८९१मध्ये मिशेलिनने सहज काढता-घालता येणारा. म्हणजे बघा, आपण आज विकत घेतो त्या चाकाची मूळ रचना १८९१पर्यंत तयार होती. पुढे लाकडी रिम जाऊन अॅल्युमिनियमची आली. १९३४च्या टूर द फ्रान्समध्ये अँतोनँ मान्यने अॅल्युमिनियमच्या रिमा लाकडासारख्या रंगवून चोरून वापरल्या, असं सांगतात. शर्यत मात्र तो जिंकला, हे नक्की.

तारेच्या चाकाची गंमत अशी. लाकडी आरा दाब सोसतो. तार दाब सोसूच शकत नाही, ती वाकते. म्हणून सगळ्या तारा आधीच ताणून ठेवायच्या. वजन पडलं की जमिनीजवळच्या चार-दोन तारांचा ताण थोडा कमी होतो, चाक फिरलं की परत येतो. जॉब्स्ट ब्रँट या अमेरिकन इंजिनिअरने १९८१मध्ये सायकलच्या चाकावर अख्खं पुस्तक लिहिलं, त्यात हे संगणकावर हिशेब करून दाखवलंय. आरे तुटतात ते बहुतेक वेळा एका दणक्याने नाही, तर या सैल-ताठ होण्याच्या थकव्याने. ताण कमी किंवा असमान असेल तर लवकर. माझ्या चाकाचा परीघ साधारण २.१ मीटर. म्हणजे पुणे ते पुणतांबा एका खेपेत प्रत्येक आरा सुमारे ९५ हजार वेळा सैल-ताठ होतो!

मग वजनाचा हिशेब केला (इंजिनिअर आहे, सवय जात नाही). मी आणि सायकल मिळून ८५ किलो. ३०० मीटर उंचीचा घाट, ताकद १५० वॅट. हवेचं आणि टायरचं घर्षण सोडलं तर लागतात साधारण २८ मिनिटं. चाकातले ५०० ग्रॅम कमी केले तर वाचतात किती? १० सेकंद. चाळीस हजारांत १० सेकंद! उलट साधा जाड टायर काढून चांगला लवचिक टायर घातला, तर ताशी २५च्या वेगाला १५-२० वॅट सहज वाचू शकतात. म्हणजे स्वस्तातलं पहिलं अपग्रेड म्हणजे चाक नव्हेच, टायर.

मला तरी चाकं हवी होती, कारण माझं दुखणं वेगाचं नव्हतं, भरवशाचं होतं. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकली आठवा. पुढे ३२ आरे, मागे ४०, इंग्लिश रोडस्टरवरून घेतलेला आकडा. त्यावर दुधाचे कॅन, गॅसचं सिलेंडर, डबलसीट असं काय काय गेलंय. एक आरा तुटला तरी माणूस घरी पोचायचा. २४ आऱ्यांच्या चाकात एकाचा भार उचलायला शेजारी कमी असतात.

शेवटी यादी अशी ठरली: ३२ भोकांच्या साध्या अॅल्युमिनियमच्या रिमा, शिमानोचे ३२ भोकांचे हब (कोन आणि छर्रेवाले, म्हणजे ग्रीस भरून पुन्हा कसता येतात), मध्ये बारीक केलेले आरे आणि पितळी निपल. मध्ये बारीक आरा जास्त ताणला जातो, म्हणून पटकन पूर्ण सैल पडत नाही. वर २८ मिलिमीटरचे टायर. तुम्ही घेणार असाल तर आधी चार गोष्टी बघा: ब्रेक रिमचा की डिस्कचा, एक्सल कुठला, मागच्या हबवर तुमची कॅसेट बसते का, आणि फ्रेममध्ये टायरला जागा किती. यातलं एक चुकलं तर स्वस्त चाकही महागात पडतं. माझं सगळं मिळून कार्बनच्या पाव किमतीत बसलं.

सुटे भाग घेऊन एसटीने पुणतांब्याला गेलो. काका म्हणाले, "मला आता बारीक दिसत नाही. तू कस, मी ऐकतो." लहानपणी सुट्टीत ते हेच शिकवायला बघत होते आणि मी क्रिकेटला पळत होतो. या वेळी दोन दिवस बसलो. मी निपल पाव-पाव फेरा फिरवायचो, काका बोटाने आरा छेडायचे. "हा ढिला. हा पण. फ्रीव्हीलकडचे जास्त ताठ लागणार, तिकडची अन् इकडची तार एकमेकींशी ताडून नको बघू." रविवारी संध्याकाळी त्यांनी एका बाजूचे सोळा आरे ओळीने छेडले, सगळे एका सुरात. मग म्हणाले, "आता लांबीप्रमाणे चार आरे माझ्याकडं ठेवून जा."

झाले त्याला आठ महिने. तीन खेपा झाल्या, चाक एकदाही आऊट नाही. चार आरे दुकानात खिळ्याला टांगलेत.

आमच्या चांगदेवांची गोष्ट तुम्हाला माहीत आहेच. ते ज्ञानेश्वरांना भेटायला वाघावर बसून गेले, हातात सापाचा चाबूक. आणि ज्ञानेश्वर समोरून आले ते घरच्या भिंतीवर बसून! ग्रुपमधल्या कार्बनवाल्यांना मी हल्ली हीच गोष्ट सांगतो. (ह. घ्या.)

चूभूद्याघ्या.