दोन टप्प्यांची पदवी

बोरीबंदरहून सुटलेली पहिली आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी ठाण्यास पोहोचली, पुढल्या वर्षीच्या १ मे रोजी लोहमार्ग कल्याणपर्यंत आला, आणि मुंबई विद्यापीठाची स्थापना त्यानंतर तीन वर्षांनी, १८ जुलै १८५७ रोजी झाली. म्हणजे या दोन गावांतील विद्यार्थ्यास विद्यापीठाकडे नेणारी वाट विद्यापीठ अस्तित्वात येण्यापूर्वीच तयार होती. उलट दिशेने, म्हणजे विद्यापीठाचे शिक्षण ठाण्याकडे येण्यास, मात्र फार काळ लागला. ठाणे स्थानकात पहिली गाडी आली तेव्हापासून विद्या प्रसारक मंडळाचे महाविद्यालय १९६९ साली सुरू होईपर्यंत ११६ वर्षे गेली. या दीर्घ अवधीत ठाणे, कल्याण आणि मागाहून वाढलेली डोंबिवली येथील मध्यमवर्गीय व श्रमिक कुटुंबांनी पदवी एका दमात न घेता दोन टप्प्यांत घेण्याची एक रीत बसवली. पहिला टप्पा झेपेल तेथे व झेपेल त्या खर्चात पुरा करावयाचा, त्याचा दाखला पदरात पाडून घ्यावयाचा, आणि मग परिस्थितीने साथ दिल्यास पुढल्या संस्थेच्या मधल्याच वर्षात प्रवेश मिळवावयाचा, अशी ती रीत होती. अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजांत दोन वर्षे शिकून विद्यापीठात बदली घेणाऱ्या विद्यार्थ्यांविषयी आज आपल्याकडे कुतूहलाने बोलले जाते. परंतु त्याच जातीचा व्यवहार आपल्या दाराशी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे, आणि त्याचा इतिहास कोणी सलगपणे सांगितलेला नाही, याची मला खंत वाटते.

या रीतीचा पहिला आधार म्हणजे इंटरमीजिएट, बोलीभाषेतले इंटर. मॅट्रिक झालेला, आणि १९४९ नंतर एस.एस.सी. झालेला, विद्यार्थी महाविद्यालयात जाई, पहिले वर्ष कॉलेजच्या परीक्षेवर निभावून नेई आणि दुसऱ्या वर्षाच्या शेवटी विद्यापीठाच्या इंटर परीक्षेस बसे. ही परीक्षा पदवीची नव्हे. पण तिचे वजन एवढे होते की ‘इंटर पास’ ही दोन अक्षरे नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या टिपणात आणि रेल्वेच्या वा कलेक्टर कचेरीच्या भरतीत स्वतंत्र पात्रता म्हणून मांडली जात. कित्येकांचे शिक्षण तेथेच थांबले, आणि थांबले तरी हाती काही नाही अशी अवस्था झाली नाही. ज्यांना पुढे जाता आले त्यांच्यापुढे इंटरनंतर वाटा फुटत: आर्ट्सवाला बी.ए.च्या ज्युनिअर वर्गात जाई. सायन्सवाल्याने ‘ए ग्रुप’ म्हणजे गणित घेतले असेल तर पुण्याचे इंजिनिअरिंग कॉलेज किंवा माटुंग्याचे व्ही.जे.टी.आय., ‘बी ग्रुप’ म्हणजे जीवशास्त्र घेतले असेल तर ग्रँट किंवा जी. एस. मेडिकल. इंटरचे गुण हीच त्या दरवाजांची किल्ली असे. म्हणून आखणी इंटरच्या नव्हे, तर त्याच्याही आधीच्या वर्षी करावी लागे. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कोणता गट निवडला यावर पुढील चाळीस वर्षांचा व्यवसाय ठरे, आणि घरात पूर्वी कोणी महाविद्यालयाची पायरी चढलेले नसे तेथे हा निर्णय शेजारच्या वकिलाच्या, शाळेतल्या गणित शिक्षकाच्या किंवा गाडीत रोज भेटणाऱ्या एखाद्या कारकुनाच्या सल्ल्याने घेतला जाई.

गाडीचा उल्लेख अनाठायी नाही. १९३० च्या सुमारास विजेवरच्या गाड्या कल्याणपर्यंत धावू लागल्या, त्यांना वीज पुरविण्यासाठी ठाकुर्लीजवळ चोळ्याचे वीजगृह उभे राहिले, आणि मुंबईत कॉलेजात जाऊन संध्याकाळी घरी परतणे ही गोष्ट वसतिगृहाच्या खर्चाविना शक्य झाली. पुढे १९३७ मध्ये पुण्याच्या शिक्षण प्रसारक मंडळीने माटुंग्यास रुइया महाविद्यालय काढले, तेव्हा मध्य रेल्वेच्या (तेव्हाच्या जी.आय.पी.च्या) मार्गावरील गावांना असे महाविद्यालय लाभले की ज्यासाठी बोरीबंदरापर्यंत जाण्याची आवश्यकता उरली नाही. कॉलेजच्या कारकुनाकडून मिळणारी सवलतीच्या पासाची चिठ्ठी ही त्या विद्यार्थ्याच्या दप्तरातील पुस्तकांइतकीच महत्त्वाची वस्तू होती, आणि फीची नादारी मंजूर झाली की नाही यावर पुढची टर्म भरली जाणार की नाही हे ठरे.

याच्या आधीच्या काळात जगात अन्यत्र काय चालले होते हे पाहिले म्हणजे आपल्या इंटरचे स्वरूप अधिक स्पष्ट होते. शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीच्या चार वर्षांचे दोन भाग केले, पहिल्या भागास कनिष्ठ महाविद्यालय म्हटले, आणि १९०० साली तो भाग पुरा करणाऱ्यांस ‘असोशिएट’ ही पदवी देण्यास आरंभ केला. त्यांच्याच प्रेरणेने इलिनॉयमधील जोलिएट गावच्या हायस्कुलास जोडून १९०१ मध्ये सहा विद्यार्थ्यांचे कनिष्ठ महाविद्यालय सुरू झाले. अमेरिकेतील सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजांची परंपरा तेथून मोजतात. आपल्याकडे कलकत्ता विद्यापीठासाठी नेमलेल्या सॅडलर आयोगाने १९१९ च्या अहवालात जवळपास तोच विचार मांडला: विद्यापीठ व शाळा यांतील सीमारेषा मॅट्रिकवर नव्हे तर इंटरवर असावी, आणि इंटरची दोन वर्षे स्वतंत्र संस्थांत शिकवावीत. संयुक्त प्रांताने तो स्वीकारला व १९२१ साली त्यासाठी मंडळ नेमले. मुंबई इलाख्याने इंटर महाविद्यालयातच ठेवले. माझ्या मते हा निर्णय मुंबई शहरास सोयीचा आणि ठाण्या-कल्याणास गैरसोयीचा होता. कारण इंटरपुरत्या छोट्या संस्था त्या काळी गावोगावच्या चांगल्या हायस्कुलांस जोडून काढल्या असत्या, तर कल्याणच्या सुभेदारवाड्यासारख्या शाळांच्या आसपास उच्च शिक्षण एका पिढीने अगोदर रुजले असते.

महाविद्यालये आली ती आधी उल्हासनगरला. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत येऊन राहिलेल्या सिंधी निर्वासितांनी, डोक्यावर पक्के छप्पर नीट झाले न झाले तोच, साठच्या दशकात तेथे महाविद्यालये उभारली. निर्वासितांनी आपल्या अंगणात जे आधी केले ते कल्याणच्या जुन्या वस्तीला १९७२ मध्ये करता आले. कल्याण सिटिझन्स एज्युकेशन सोसायटीचे बिर्ला महाविद्यालय त्या वर्षी सुरू झाले, आणि शहाडच्या सेंच्युरी रेयॉनमधील कामगाराच्या मुलास पहिले वर्ष घरून करण्याची सोय झाली. डोंबिवलीत विको कंपनीचे संस्थापक के. वि. पेंढरकर यांच्या नावाचे महाविद्यालय त्यानंतर आले. ठाण्यात विद्या प्रसारक मंडळाने, जे १९३५ पासून शाळा चालवीत होते, चेंदणी बंदराजवळ खाडीला लागून आपले महाविद्यालयीन संकुल वसवले.

परंतु या इतिहासातील ज्या भागाकडे माझे मन विशेष ओढ घेते तो या महाविद्यालयांचा नव्हे. तो नोकरी सांभाळून शिकलेल्या माणसांचा आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि कचेरीत जाणाऱ्यांस शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. कल्याणहून पहाटेची लोकल पकडून सकाळी वर्गात आणि अकराच्या आत टेबलावर, असा दिनक्रम वर्षानुवर्षे चालविणाऱ्यांना इंटर हा मुक्काम होता. ते तेथे एखादे वर्ष थांबत, बहिणीचे लग्न उरकत, आणि पुन्हा ज्युनिअरला नाव घालत. तांत्रिक शिक्षणात हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसते. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या व्ही.जे.टी.आय.ने आरंभी पदवी नव्हे तर एल.एम.ई., एल.ई.ई. या सनदी दिल्या, आणि पुढे संध्याकाळचे अर्धवेळ वर्गही चालविले. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन होऊन ठाण्याची वागळे इस्टेट, ठाणे-बेलापूर पट्टा, डोंबिवली व अंबरनाथ येथे कारखाने उभे राहिले तेव्हा डिप्लोमाधारक सुपरवायझरांची एक मोठी पिढी या परिसरात स्थिरावली. त्यांच्यापैकी जे पदवीच्या मागे लागले त्यांच्यापुढे एक वाट होती ती इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनिअर्सच्या ए.एम.आय.ई. परीक्षेची: ‘सेक्शन ए’, मग ‘सेक्शन बी’, कॉलेजचे तोंड न पाहता, तिसऱ्या पाळीनंतर झोप मोडून केलेला अभ्यास. पुष्कळांनी सेक्शन ए पार केले. सेक्शन बी थोड्यांनी. जे मधेच थांबले त्यांना मी अयशस्वी म्हणत नाही. त्यांच्या श्रमांना पुढल्या संस्थेत मोजदाद नव्हती, एवढेच त्यांच्या बाबतीत घडले.

रसायनांच्या क्षेत्रात दोन टप्प्यांची एक उत्तम व्यवस्था त्या काळी होती. मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग, सर्वमुखी यू.डी.सी.टी., १९३३ मध्ये सुरू झाला तेव्हा त्याची बी.एस्सी.(टेक) ही पदवी बी.एस्सी.नंतरची दोन वर्षांची होती. आधी कोठल्याही महाविद्यालयात रसायनशास्त्र घेऊन पदवीधर व्हावे, मग माटुंग्यास रंग, तेले किंवा औषधे यांपैकी एक शाखा घ्यावी. पहिला टप्पा दुसऱ्यात वाया न जाता मिसळे. डोंबिवली-अंबरनाथच्या रासायनिक कारखान्यांस लागणारी माणसे घडविणारी ही रचना होती, आणि दोन संस्थांनी एकमेकींच्या कामावर विश्वास ठेवला म्हणजे किती साधते हे तिने दाखवून दिले.

कोठारी आयोगाच्या शिफारशीनुसार महाराष्ट्राने १९७५ मध्ये १०+२+३ हा आकृतिबंध स्वीकारला आणि इंटर मावळले. अकरावी-बारावीची कनिष्ठ महाविद्यालये शाळांना जोडून निघाली; सॅडलरने सुचविलेली गोष्ट साडेपाच दशकांनी आमच्या गल्लीत आली. जवळिकीचा लाभ खरोखर मोठा होता, विशेषतः मुलींना, ज्यांच्या घरून मुंबईच्या गाडीला परवानगी मिळत नसे. मात्र इंटरला पदवीच्या निम्म्या वाटेचा जो मान होता तो बारावीला उरला नाही. बारावी ही केवळ प्रवेशाची चाळणी झाली. विवाहानंतर शिक्षण अर्धवट राहिलेल्या स्त्रियांना आधार दिला तो महर्षी कर्व्यांच्या श्री. ना. दा. ठा. महिला विद्यापीठाने, ज्याच्या परीक्षांना बहिःस्थ म्हणून घरून बसता येई, आणि १९८९ पासून नाशिकच्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाने.

निम्म्या वाटेचा मान ज्या एका प्रमाणपत्राने टिकविला ते म्हणजे तंत्रनिकेतनाची पदविका. विद्या प्रसारक मंडळाचे तंत्रनिकेतन ठाण्यात १९८३ मध्ये सुरू झाले. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयांस परवानगी दिली. या दोन घटना परस्परांशी ठरवून झालेल्या नसल्या तरी त्यांच्या संयोगातून ‘डिप्लोमा करून डायरेक्ट सेकंड इयर’ ही आजची सर्वपरिचित वाट रुंद झाली. तिचा हिशेब सरळ आहे: दहावीनंतर बारावी दोन वर्षे व पदवी चार, एकूण सहा, दहावीनंतर पदविका तीन वर्षे व दुसऱ्या वर्षापासून पदवीची तीन, एकूण सहाच. कालावधी तेवढाच, पण दुसऱ्या वाटेने जाणाऱ्याच्या हाती तीन वर्षांनी नोकरीस लायक असे प्रमाणपत्र येते. सीईटी द्यावी लागत नाही, पदविकेचे गुण चालतात. त्याही खाली एक पायरी आहे: वागळे इस्टेट किंवा अंबरनाथच्या आयटीआयतून बाहेर पडलेला मुलगा पदविकेच्या दुसऱ्या वर्षात जाऊ शकतो. फिटरच्या प्रमाणपत्रापासून अभियंत्याच्या पदवीपर्यंत अशी अखंड शिडी फार थोड्या व्यवस्थांत असते.

तरीही शिडीच्या एका पायरीवर पाय घसरतो, आणि ती पायरी गणिताची आहे. पदविकेत शिकविलेले गणित हे कारखान्यापुरते. दुसऱ्या वर्षी ‘एम-थ्री’ समोर येते तेव्हा बारावीकडून आलेला विद्यार्थी पहिल्या वर्षाची दोन गणिते करून आलेला असतो आणि पदविकेकडून आलेला नसतो. हुशार मुले, ज्यांचा लेथवर हात बसलेला, ज्यांना मोटारीची जोडणी डोळे मिटून येते, ती या विषयात ए.टी.के.टी. घेऊन पुढे जातात व दोन-तीन सत्रे ते ओझे वाहतात. हा दोष मुलांचा नाही. दोन अभ्यासक्रम लिहिणाऱ्यांनी एकत्र बसून ते लिहिले नाहीत, याचा तो परिणाम आहे. दाखल्यांचेही तसेच. पदविकेचा निकाल, प्रवेशाची फेरी आणि तहसील कचेरीतून मिळावयाचे उत्पन्नाचे, अधिवासाचे व नॉन-क्रिमी लेयरचे कागद यांची वेळ जुळली नाही, तर तीन वर्षांच्या श्रमांनंतर एक वर्ष जाते. म्हणून जाणते पालक हे कागद पदविकेच्या शेवटच्या सत्रातच करून ठेवतात.

आता राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार, मुंबई विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांतही, पहिल्या वर्षाअखेर प्रमाणपत्र व दुसऱ्या वर्षाअखेर पदविका घेऊन बाहेर पडण्याची मुभा आली आहे, आणि मिळविलेली श्रेयांके जमा राहावीत म्हणून २०२१ पासून श्रेयांक पेढी सुरू आहे. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी गेलेले इंटर निराळ्या नावाने परत येत आहे. विद्यापीठाची उपकेंद्रे ठाण्यात बाळकुमास व कल्याणास आली आहेत. या सर्वांतून ठाण्या-डोंबिवलीच्या विद्यार्थ्यास खरा उपयोग व्हावयाचा तर पेढीत जमा असलेली श्रेयांके दुसऱ्या महाविद्यालयाने तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशासाठी मान्य केली पाहिजेत; आणि कोणते विषय कोठे धरले जातील याची यादी दोन वर्षांनंतर कचेरीच्या खिडकीवर नव्हे, तर पहिल्या वर्षाच्या प्रवेशपुस्तिकेतच छापलेली असली पाहिजे. माटुंग्याच्या यू.डी.सी.टी.ने आणि बी.एस्सी.च्या महाविद्यालयांनी हे एकेकाळी केले होते.