बारावीनंतर परदेशात शिकायचंय? दिवाळीच्या सुट्टीत ही कामं उरकून घ्या

धाराशिव : बारावीची परीक्षा फेब्रुवारीत आणि परदेशी विद्यापीठांच्या बऱ्याच मुदती जानेवारीत. मधे मोकळे दिवस मिळतात ते दिवाळीच्या सुट्टीचेच. त्याच वेळी घरी सोयाबीनची रास नि रब्बीची पेरणी असते, हे खरं. पण रोज दोन तास काढले तरी काम होतं. फॉर्म भरायला फार वेळ लागत नाही, वेळ खातात ते कागद.

मुदती लक्षात ठेवा
इंग्लंडसाठी 'यूकास' या एकाच वेबसाईटवरून अर्ज होतो. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि मेडिकलची मुदत 15 ऑक्टोबर, बाकी बहुतेक कोर्सची जानेवारीच्या मध्यापर्यंत. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांचा 'कॉमन ॲप' 1 ऑगस्टला उघडतो. लवकरच्या फेरीची मुदत बहुधा 1 नोव्हेंबरच्या आसपास आणि नेहमीच्या फेरीची जानेवारीच्या सुरुवातीला असते.

सगळीकडे नाव एकच हवं
दहावीचं प्रमाणपत्र, आधार, टीसी आणि पासपोर्ट समोर ठेवा. नावाचं स्पेलिंग, वडिलांचं नाव, जन्मतारीख अक्षर न अक्षर जुळवा. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात असतं. अर्जात पासपोर्टप्रमाणेच लिहा. दहावीच्या प्रमाणपत्रात चूक असेल तर शाळेमार्फत लातूर विभागीय मंडळाकडे प्रस्ताव जातो. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम पहिलं. पासपोर्ट नसेल तर लगेच अर्ज करा.

सरांना आधीच गाठा
नववीपासूनच्या मार्कशीट आणि शिक्षकांचं शिफारसपत्र लागतं. इंग्लंडसाठी बारावीत किती मार्क पडतील याचा अंदाजही कॉलेजनं द्यायचा असतो. पत्र शिक्षक स्वतः ऑनलाईन पाठवतात, विद्यार्थ्याच्या हातात देत नाहीत. कॉलेज सुट्टीला बंद होण्याआधीच सरांना किंवा मॅडमना भेटून सगळं समजावून सांगा.

निबंध स्वतःचाच लिहा
कॉमन ॲपचा निबंध जास्तीत जास्त 650 शब्दांचा. नेटवरून उतरवू नका. टँकरच्या पाण्यावर काढलेला उन्हाळा, बापाबरोबर ठेवलेला शेतीचा हिशोब, असं जे जगलात तेच लिहा. इंग्रजीसाठी आयईएलटीएस किंवा विद्यापीठ मान्य करेल ती दुसरी परीक्षा द्यावी लागते. आयईएलटीएसचा निकाल दोन वर्षं चालतो.

पैशाचं गणित आधी करा
'जर्मनीत शिक्षण फुकट' असं एजंट सांगतात. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी नाही, हे बरोबर. पण राहण्या-खाण्यासाठी वर्षाचे 11,904 युरो, म्हणजे बारा लाखांच्या घरातली रक्कम, आधी खात्यात दाखवावी लागते. शिवाय नुसत्या बारावीवर तिथं सहसा थेट प्रवेश मिळत नाही. आधी इथं पदवीचं एक वर्ष किंवा तिकडचा तयारी वर्ग करावा लागतो. म्हणून एजंटाच्या शब्दावर जमीन विकायला काढू नका. तो सांगेल ते विद्यापीठाच्या वेबसाईटवर दाखवायला लावा.

पदवीनंतरची वाट
सरकारच्या मोठ्या परदेश शिष्यवृत्त्या मुख्यतः पदवीनंतरच्या शिक्षणासाठी आहेत. अनुसूचित जातींसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये 125 जागा असून त्यात भूमिहीन शेतमजुरांच्या मुलांचाही वाटा आहे. तिथं 60 टक्के मार्क आणि आठ लाखांच्या आतलं उत्पन्न लागतं.

बुलडाणा जिल्ह्यातल्या शेतकरी घरातले राजू केंद्रे मुक्त विद्यापीठातून पदवीधर झाले, आपल्या तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले आणि 2021 साली ब्रिटिश सरकारच्या चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनला गेले. म्हणजे बारावीनंतर जमलं नाही तरी वाट बंद होत नाही. जुळवलेलं नाव, पासपोर्ट, जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला तेव्हाही लागतोच. उत्पन्नाचा दाखला तेवढा मुदत संपली की नवा काढावा लागतो. तेव्हा सुट्टीच्या पहिल्याच दिवशी सगळे कागद एका फाईलमध्ये लावा आणि काय कमी आहे त्याची यादी करा.